'ज्ञ' आणि 'ऋ' असलेले नाव ठेवण्यापूर्वी

आपण मुलीसाठी 'प्रज्ञा' आणि 'ऋता' ही नावे योजली आहेत, तेव्हा आत्याबाईंना निर्णय कळवण्यापूर्वी या दोन अक्षरांचा स्वभाव समजून घ्यावा, असे मी सुचवेन. 'ज्ञ' हे मूळचे ज् आणि ञ यांचे जोडाक्षर. मराठीत आपण त्याचा उच्चार 'द्न्य' असा करतो, हिंदी भाषक 'ग्य' म्हणतात आणि गुजराती 'ग्न', त्यामुळे इंदूरच्या शेजाऱ्यांच्या तोंडी आपली प्रज्ञा 'प्रग्या' होईल आणि बडोद्यात 'प्रग्ना'. 'ऋ'चेही तसेच आहे. आपल्याकडे तो 'रु', तर उत्तरेत 'रि'.

यात चूक कोणाचीच नाही, परंतु रोमन लिपीत नाव लिहिताना पंचाईत होते. माझ्या यज्ञेशच्या जन्मदाखल्यावर आम्ही 'डी-एन-वाय' लिहिले, शाळेच्या नोंदवहीत 'जी-वाय' पडले आणि पुढे पासपोर्टसाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले (त्यातही 'ज्ञ' आहेच). स्पेलिंग एकदाच ठरवून सर्वत्र तेच द्यावे. जन्मनोंदणीत नाव घालण्यास १२ महिन्यांपर्यंत शुल्क पडत नाही, म्हणून घाई नको.

नाव आडनावासह मोठ्याने उच्चारून पाहावे. 'तेजस सरदेसाई' म्हणताना एक 'स' हमखास गिळला जातो. माझे मत विचाराल तर 'ऋता'. बोबड्या वयात ती स्वतःला 'लुता' म्हणेल, पण 'प्रज्ञा'तली दोन जोडाक्षरे त्या जिभेला फारच जड जातील.