उरुबू म्हणजे गरुड? कुणी सांगितलं!

प्रश्न असा होता की ब्राझीलचा संगीतकार टॉम जोबिम याच्या १९७६ सालच्या 'उरुबू' अल्बमचं नाव स्पॅनिश आहे का, 'गरुड' हा अर्थ बरोबर का, आणि तो अल्बम बोसा नोव्हात, म्हणजे सांबा नि जॅझ मिळून झालेल्या ब्राझीलच्या संगीतशैलीत, धरायचा का.

अहो ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात, किती वेळा सांगायचं! स्पॅनिशवाले या पक्ष्याला मेक्सिकोत सोपिलोते म्हणतात, कोलंबियात गायिनासो. उरुबू हा तिथल्या आदिवासींच्या तूपी भाषेतला शब्द, पोर्तुगीजांनी उचललेला. अर्थ काळं गिधाड, मेलेलं खाणारं. गरुड म्हटलं की जरा भारदस्त वाटतं म्हणून लोक ठोकून देतात.

आता या शब्दाची फोड. जिथेतिथे छापलेलं असतं की उरू म्हणजे पक्षी नि बू म्हणजे काळा. मला हे साफ नामंजूर आहे. तूपीत काळ्याला 'ऊना', म्हणूनच तिथल्या एका काळ्याकुट्ट पक्ष्याचं नाव ग्राऊना, मग गिधाडापुरताच काळा रंग 'बू' कसा झाला? कोशकार एकमेकांचं बघून उतरवतात, दुसरं काय.

पण खरी गंमत पुढेच आहे. तूपी आपल्याला परकी नाहीच, आपला काजू तिथलाच, तूपी अकाजू, पोर्तुगीज काजू, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी झाड गोव्यात आणलं तेव्हा नावही सोबत आलं. अननसही त्याच घरचा. तरी काजूला संस्कृत व्युत्पत्ती चिकटवणारे महाभाग भेटतातच, झाडच नव्हतं हो इकडे! (ब्राझीलवाले स्वतः अननसाला बहुतेक अबाकाशी म्हणतात, तोही तूपीच.)

बाकी मराठीत 'गिधाड' लिहायला हरकत नाही, फक्त आपला शब्द गृध्र वरून, मुळात हाव धरणारा, म्हणजे नावातच शिवी. तशी रिओतही उरुबू शिवी होतीच, फ्लामेंगो या फुटबॉल क्लबच्या गरीब, काळ्या चाहत्यांना विरोधक ती द्यायचे. १९६९ मध्ये त्या चाहत्यांनी माराकाना स्टेडियममध्ये खरंखुरं गिधाड सोडलं आणि तेच क्लबचं चिन्ह होऊन बसलं. जोबिम तर पक्षीवेडाच, १९७३ चा 'मातीता पेरे' एका कोकिळावर्गातल्या पक्ष्याच्या नावाचा, १९८७ चा 'पासारिं' म्हणजे चिमणं पाखरू, मग मधल्याला गरुड करून का मिरवायचं?

हां, बोसा नोव्हाचं राहिलं. अर्धा धरा. तबकडीच्या पहिल्या बाजूला गाणी आहेत, त्यातलं 'लीजिया' ऐका, ते पक्कं बोसा नोव्हा. पण सुरुवातीच्या 'बोतू' या गाण्यातच बेरिंबाव हे ब्राझीलचं एकतारी लोकवाद्य वाजतं आणि दुसऱ्या बाजूला संगीत-संयोजक क्लाउस ओगरमनचा ऑर्केस्ट्राच आहे, गाणं म्हणून एकही नाही.