रिपोर्टवर सगळीकडे ‘आर’

प्रश्न : पक्षाघातामुळे वडील तीन आठवडे जळगावच्या एका रुग्णालयात आहेत. लघवीला नळी आहे. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) क्लेब्सिएला हा जंतू निघाला. मेरोपेनेमसकट सगळ्या अँटिबायोटिकपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू नाही), कोलिस्टिनपुढे तेवढा ‘आय’ (इंटरमीडिएट, म्हणजे मधला शेरा). ताप नाही. त्यांनी आजवर फारशी अँटिबायोटिक घेतलेली नाहीत, मग असं कसं? कोलिस्टिन घ्यावं का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : औषधाला दाद न देण्याचा गुण जंतूत असतो, माणसात नाही. हा क्लेब्सिएला तो गुण घेऊनच, बहुधा रुग्णालयातल्या हातांवरून, नळीपर्यंत पोचला असावा. अशा जंतूतलं एनडीएमसारखं एन्झाइम मेरोपेनेम फोडून टाकतं. त्याचं जनुक प्लाझ्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असल्याने एक जंतू ते शेजारच्या जंतूलाही देतो.

पण आधी डॉक्टरांना विचारा, नमुना कुठून घेतला? पिशवीतली लघवी कल्चरला चालत नाही. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर तिच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि रिपोर्टात तोच उतरतो. म्हणून नळी बदलावी, नव्या नळीचं पोर्ट (नमुना घ्यायची जागा) अल्कोहोलने पुसावं आणि सिरिंजने नमुना घ्यावा. तरीही जंतू निघाले, पण ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं, नव्याने आलेली गुंगी यांतलं काही नसेल, तर सहसा अँटिबायोटिक लागत नाही. कोलिस्टिनने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते; नुसता कागद सुधारायला ते देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. द्यावंच लागलं तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीचं प्रमाण यांवर रोज नजर हवी.

‘आय’ने घाबरू नका. अमेरिकी मानकांत 2020 पासून कोलिस्टिनला ‘एस’ (औषध लागू पडतं) हा शेराच नाही. एमआयसी (जंतूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा) 2 किंवा त्याखाली असली तरी ‘आय’च लिहितात.

एक्स-रेला नेताना पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते आणि साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाते. हे होऊ देऊ नका. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, फरशीला न टेकता असावी. गावाहून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने खाटेला हात लावण्याआधी व नंतर सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळावं. आणि रोज राउंडला विचारा : नळी आज काढता येईल का?

प्रश्न : कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन का बंद केलं?
— पोल्ट्रीचालक, नवापूर

उत्तर : खाद्यातल्या थोड्या थोड्या मात्रेने कोंबडीच्या आतड्यात कोलिस्टिनला न जुमानणारे जंतूच तगतात आणि विष्ठेच्या खतातून शेतात जातात. असं एक जनुक, एमसीआर-1, प्लाझ्मिडवर असल्याचं 2015 मध्ये चीनमधून पुढे आलं. वरच्यासारख्या रुग्णांना गरज पडली तर हे औषध हाताशी राहायला हवं, म्हणून 2019 मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला. जुनी पाकिटं नाल्यात टाकू नका. पुरवठादाराला परत करा.