तीन गाड्या, तीन ठिकाणी इंजिन

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी प्रभादेवीत राहतो, वय ५१. वडिलांनी उभा केलेला पॅकेजिंगचा कारखाना आम्ही भावंडांनी गेल्या वर्षी विकला. गाड्यांचं वेड शाळेपासूनचं आहे, पैसा आणि वेळ आत्ता हाताशी आला. येत्या पाच-सहा वर्षांत तीन स्पोर्ट्स कार घेण्याचा विचार आहे, जमलं तर पुढे चौथी. सेकंडहँड चालतील. मनातली यादी : लॅम्बोर्गिनी हुराकान, फेरारी ४८८ आणि मॅक्लारेन ७२०एस. इमारतीत माझी तीन पार्किंग आहेत, एक तळमजल्यावर आणि दोन स्टॅकमध्ये, म्हणजे यंत्राने वर-खाली होणाऱ्या ट्रेवर. बायको म्हणते, या तिन्ही एकसारख्याच आहेत. तुम्हाला काय वाटतं? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, प्रभादेवी

उत्तर : वहिनी बरोबर बोलल्या. तुमची यादी समोर ठेवून पाहा. तिन्हींत इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे. तिन्हींत दोनच माणसं बसणार. तिन्हींना सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा, आपणहून गिअर बदलणारा गिअरबॉक्स. आवाज वेगळे आहेत, स्टिअरिंगचा स्वभावही थोडा वेगळा आहे, पण घरात हापूसच्याच तीन पेट्या आणल्यासारखं होईल. मोठ्या संग्रहात हे खपून जातं. तीनच जागा असतील तर प्रत्येक गाडीने बाकीच्या दोघींना न येणारं काहीतरी करून दाखवलं पाहिजे.

आयात गाड्यांच्या गॅरेजमध्ये माझी हयात गेली आहे. दोन गाड्यांमधला सगळ्यात मोठा फरक इंजिन कुठे ठेवलंय त्याने पडतो, हे माझं ठाम मत आहे. बिल्ला आणि हॉर्सपॉवर त्यानंतर. दीड-दोनशे किलोचं धूड पुढे आहे, मध्ये आहे की पार मागे, यावर गाडी वळणात कशी शिरते, ब्रेक दाबल्यावर नाक किती खाली जातं, पावसात मागचा भाग कधी निसटू पाहतो, हे सगळं ठरतं. म्हणून तीन गाड्यांत तीन ठिकाणी इंजिन ठेवा, आणि त्या एकेक करून घ्या. पहिली पुरती कळल्याशिवाय दुसरीचा सौदा करू नका.

पहिली पोर्शे ९११ घ्या. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांनी पाहिली, तेव्हापासून तिचं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं आहे. १९९८ पर्यंत ते हवेवर थंड व्हायचं, नंतर पाणी आलं, पण जागा हलली नाही. वजनाचा मोठा हिस्सा मागे असल्याने वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागचे टायर रस्ता घट्ट धरतात. उलट वळणाच्या मध्येच घाबरून पाय उचलला तर मागचा भाग बाहेर झेपावतो. नव्या ९११ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स हे बरंचसं सावरतं, तरी स्वभाव तोच आहे. आधी ब्रेक, मग वळण, मग गती, ही शिस्त ही गाडी अंगी बाणवते. पुढे हुराकानमध्ये बसाल तेव्हा ही शिस्त जीव वाचवेल.

दुसरं कारण अगदी मुंबईचं आहे. ९११ ची रुंदी आरसे सोडून १८५२ मिलिमीटर. हुराकान १९२४, फेरारी ४८८ तर १९५२. तुमचे दोन स्टॅक कोणत्या गाड्यांच्या हिशेबाने बसवलेत ते आधी बघा. ट्रेच्या दोन उभ्या कडांमधलं अंतर टेपने स्वतः मोजा. सोसायटीच्या फाइलमधला आकडा बऱ्याचदा बिल्डरच्या माहितीपत्रकातून आलेला असतो. ट्रेवर चढताना टायरची बाहेरची बाजू त्या कडेला घासते आणि रिमला चरे पडतात. दहापैकी आठ महागड्या रिमांवर मी हीच खूण पाहिली आहे. ट्रेची वजनाची मर्यादा आणि गाडी चढते तिथल्या ओठाची उंचीही लिहून घ्या.

रॅम्पची परीक्षा त्याहून महत्त्वाची. अशा गाड्यांचं पोट जमिनीपासून सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास असतं. पुढे नाक उचलायची सोय मिळते, पण तिने फक्त नाक वर जातं, मधलं पोट फारसं नाही. हुराकानच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २६२० मिलिमीटर अंतर आहे. सुताराकडून तेवढ्या लांबीची एक सरळ, न वाकणारी पट्टी करून घ्या. दोन्ही टोकांखाली सव्वाशे मिलिमीटरचे ठोकळे ठोका आणि रॅम्पच्या माथ्यावरून ती सावकाश सरकवत न्या. पट्टीचा मध्य काँक्रीटला टेकला तर ती गाडी तुमच्या इमारतीत रोज पोट घासत उतरणार, हे पैसे देण्याआधी कळेल. पट्टीला शे-दीडशे रुपये लागतील. पोटाखालचं कव्हर आयात करून बसवण्याचं बिल मी हातात धरलेलं आहे, ते इथे लिहीत नाही.

स्पीडब्रेकरचंही तसंच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा नमुना दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद आहे. त्यावरून कोणतीही गाडी तिरपी न करता जाते. आपल्या गल्लीतल्या डांबराच्या उंचवट्यांनी तो नमुना कधी पाहिलेला नाही. घरापासून कोस्टल रोडपर्यंतचा रस्ता एकदा चालत जा आणि उंचवटे डोळ्यांनी बघा.

दुसरी गाडी पुढच्या इंजिनची आणि क्लच पेडलवाली हवी. इथेही मी तुमच्या यादीबाहेरचं नाव सुचवते : बीएमडब्ल्यू एम२, सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये. तुम्ही म्हणाल ही काही एक्झॉटिक नव्हे. मला त्याची पर्वा नाही. सरळ रेषेत सहा सिलिंडर, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा), ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि डावा पाय कामाला लावणारी. भारतात या ताकदीच्या मॅन्युअल गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. अशी गाडी साठच्या वेगातही हात-पाय गुंतवून ठेवते, आणि मुंबईत साठच्या पलीकडे जायला मिळतं कुठे? कोस्टल रोडवर सरळ भागात मर्यादा ८०, बोगद्यात ६०, वळणांवर ४०. अटल सेतूवर १००. या आकड्यांत आनंद देणारी गाडी तुमच्याकडे एक तरी हवी. रात्री बोगद्यात इंजिन ओरडवत शर्यती लावणाऱ्यांमुळे ब्रीच कँडी-वरळीच्या लोकांची झोप गेली आहे. तुम्ही त्यांच्यात जाणार नाही असं धरूनच मी लिहिते आहे.

तिसरी हुराकान. तुमच्या तिघींमधून मी हीच ठेवली, कारण बाकी दोघींत टर्बो आहे आणि हिच्यात नाही. ५.२ लिटरचं दहा सिलिंडरचं व्ही-१०, फक्त वातावरणातली हवा ओढून साडेआठ हजार आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपर्यंत चढतं. टर्बोवाल्या इंजिनात ताकद एकदम हातात पडते. इथे ती पायरी-पायरीने वाढत जाते आणि कानाला प्रत्येक पायरी ऐकू येते. तिच्यानंतर आलेल्या लॅम्बोर्गिनी टेमेरारियोत चार लिटरचं ट्विन टर्बो व्ही-८ आणि तीन इलेक्ट्रिक मोटर आहेत. कमालीचं यंत्र आहे ते, दहा हजार आरपीएमला जातं, पण हा जुना आवाज त्यात नाही. हुराकान २०१४ ते २०२४ निघाली, म्हणजे निवडीला वाव आहे. मागच्या दोन चाकांना ताकद देणारी एलपी ५८०-२ मिळाली तर तीच घ्या. ती तळमजल्यावरच्या जागी उभी राहील.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा जॅकवर घेतल्याशिवाय बोलणी करू नका. विकणाऱ्याने का-कू केली तर तिथूनच परत या. पुढच्या बंपरच्या ओठाखालचे चरे चालतात, पोटाखालच्या अ‍ॅल्युमिनियमवरचे पांढरे फुगवटे चालत नाहीत. ते खाऱ्या हवेचं काम असतं, समुद्राकडेला उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हमखास सापडतं. टायरच्या भिंतीवर लंबगोलातले चार आकडे वाचा : ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. रबर कितीही नवं दिसलं तरी पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कच्या कडेवरून बोट फिरवा. चाक काढता-बसवताना धक्का लागून कडेचा टवका उडालेला असतो, आणि एक संच बदलायला नव्या छोट्या गाडीइतके पैसे पडतात.

जुनी लॅम्बोर्गिनी गॅलार्डो किंवा फेरारी एफ४३० कोणी स्वस्तात देऊ केली तर क्षणभर थांबा. त्यांच्या पॅडलवाल्या गिअरबॉक्समध्ये एकच क्लच असतो आणि यंत्रच तो दाबतं. सिग्नलला इंचा-इंचाने पुढे सरकताना तो सतत अर्धवट दाबलेला राहून जळतो. स्कॅनर लावून क्लच किती टक्के उरलाय ते वाचता येतं, ते कागदावर मागा. त्या काळातल्या फेरारींमध्ये आतल्या बटणांवरचा रबरी लेप आपल्या दमट हवेत वितळून बोटाला चिकटतो. एसीचं बटण दाबून बोट उचला, लगेच कळेल.

पैशांचं थोडक्यात. महाराष्ट्रात एका गाडीवरच्या मोटार वाहन कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. तो कर वाचवायला परराज्याच्या नंबरची गाडी घ्या, असं सुचवणारे भेटतील. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, हा केंद्राचा कायदा आहे. तेव्हा एमएच नंबरचीच बघा, म्हणजे डोक्याला ताप नाही. विम्यात आयडीव्ही, म्हणजे कंपनीने धरलेली गाडीची किंमत, पाचव्या वर्षाच्या अखेरीस निम्म्यावर येतो आणि त्यापुढे तो कंपनीशी बोलून ठरतो. हुराकानच्या वेळी हे बोलणं गाडी घेण्याआधी करा. ट्रॅकवर शर्यतीत झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत, हेही लक्षात असू द्या. तरीही ट्रॅकवर जा, असंच मी सांगेन. कोइमतूरचा कारी ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे, शिकायला उत्तम.

ठेवण्याबद्दल एकच कळकळीची विनंती : रोज पाच मिनिटं चालू करून बंद करू नका. आपल्याकडे ड्रायव्हरला हेच काम दिलेलं असतं. पाणी पटकन गरम होतं, ऑइल होत नाही. ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये वाफ धरते, ती तिथेच थिजते. पंधरा दिवसांतून एकदा नीट अर्धा तास चालवा, रविवारी सकाळी सहाला. स्टॅकच्या ट्रेवर वीज नसते, त्यामुळे बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा ट्रिकल चार्जर लावता येत नाही आणि दीड महिन्यात बॅटरी झोपते. तळमजल्यावर प्लग पॉइंट घ्यायला सोसायटीची लेखी परवानगी आत्ताच मागा, सभा होऊन हातात यायला महिने जातात. पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवा. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा शोषतं आणि अर्ध्या टाकीत हवा जास्त. इंजिनच्या खणात टॉर्च मारून उंदराच्या लेंड्या शोधायचं काम मात्र तुम्ही स्वतःच करा. मुंबईत पाणी शिरून खराब झालेल्या गाड्यांइतक्याच वायरी कुरतडलेल्या गाड्या आमच्याकडे येत आल्या आहेत.

चौथीचं सध्या विसरा. आणि वहिनींना ९११ चालवायला द्या. त्यांची नजर चांगली आहे, खरेदीला सोबत न्या.

प्रश्न : माझा धाकटा दीर दुबईहून कायमचा परत येतोय. त्याची २०१८ ची निसान जीटी-आर तो जहाजाने आणणार म्हणतो. घरात यावरून वाद आहे. आणता येते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, आणि हे त्याला आजच सांगा. दुबईची गाडी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची असते, आपल्याकडे आयातीला उजव्या हाताचं लागतं. शिवाय वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच उतरवता येते. हे सगळं जुळलं असतं तरी सीमाशुल्क आणि करांनी हिशेब कोलमडलाच असता. पर्यटक म्हणून कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या परवान्यावर, काही महिन्यांसाठी गाडी आणता येते, पण ती परत न्यावीच लागते, कायमचं येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

भाऊजींना जीव लागला असेल तिच्यात, ते समजू शकते. निसानने या गाडीचं उत्पादन ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवलं, त्यामुळे सर्व्हिसच्या नोंदी नीट असतील तर तिला तिथेच गिऱ्हाईक मिळेल. निघायच्या घाईत डीलरच्या गळ्यात घालू नका म्हणावं, महिनाभर आधी स्वतः विकायला काढा. भारतात ही गाडी २०१६ पासून काही काळ अधिकृतपणे विकली गेली. थोड्याच आल्या, पण उजव्या हाताच्या, इथेच नोंदलेल्या. ती शोधा, जॅकवर घ्या, आणि वर लिहिलेलं सगळं तपासून मगच टोकन द्या.