वाचकांचे प्रश्न : वडगावची लढाई चौकात उभी करताना

प्रश्न : आमच्या मावळ भागातील काही मंडळे एकत्र येऊन १७७९ च्या वडगावच्या लढाईवर दोन दिवसांचा इतिहास महोत्सव करण्याच्या विचारात आहेत. तरुणांना मोठी ध्वनियंत्रणा आणि ढोल-ताशा पथके हवी आहेत. आम्हा ज्येष्ठांना पोवाडा आणि पथनाट्य हवे आहे. पथनाट्यात इंग्रज अधिकारी विदूषकासारखे दाखवावेत, अशीही एक सूचना आहे. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, मावळ

उत्तर : आपल्या पत्रात मला दोन पिढ्यांचे भांडण दिसत नाही, त्या दोन दिवसांत गावाच्या कानावर काय पडावे, हा प्रश्न दिसतो. तो सोडवण्यासाठी प्रथम त्या लढाईकडेच पाहावे. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. तिच्यात चार हजारांच्या आत-बाहेर सैनिक होते आणि सामानसुमान वाहणारे सुमारे १९,००० बैल होते, असे इतिहासकार नोंदवतात. एवढा पसारा घेऊन ती मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली आणि ९ जानेवारीला तळेगावला पोहोचली, तेव्हा मराठ्यांनी ते गाव जाळून मोकळे केलेले होते. ना दाणा, ना वैरण. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून फौज गुपचूप मागे वळली. मराठ्यांनी तिला वाटेत गाठले, वडगावात कोंडले आणि तेथेच इंग्रजांना तह करावा लागला.

या हकिकतीचा गाभा रिकामे झालेले गाव हा आहे, असे मला वाटते. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांची नावे आपल्या पथनाट्यात येतीलच, पण धान्य हलवून, जनावरे हाकून, स्वतःचे घर पेटताना पाहणारी माणसे त्यात आली नाहीत, तर लढाई का जिंकली गेली हे प्रेक्षकाला कळणारच नाही. म्हणून प्रयोगाची सुरुवात आरोळीने करू नये. रिंगण मोकळे ठेवावे, एका बाईने येऊन उंबरठ्यावरचा दिवा उचलून न्यावा आणि मग दुरून बैलांच्या घुंगुरमाळा ऐकू याव्यात. घुंगुरमाळा गावातल्या शेतकऱ्यांकडेच मिळतील आणि शत्रूची फौज जवळ येत आहे हे दाखवायला दुसऱ्या कोणत्याही वाद्याची गरज उरणार नाही.

असा प्रसंग ध्वनियंत्रणेच्या दणक्यात टिकणार नाही, हेच तरुणांना सांगावे. त्यांना नकार देऊ नये. ढोल-ताशाला पहिल्या दिवशीच्या मिरवणुकीत मानाचे स्थान द्यावे आणि मिरवणूक संपताच तो थांबवावा. त्याच मुलांच्या हाती पुढे हलगी, संबळ आणि तुतारी द्यावी. तुतारी फुंकायला दम लागतो आणि तो एका आठवड्यात येत नाही, त्यामुळे सराव आतापासूनच सुरू व्हायला हवा. पोवाड्यासाठी डफ, तुणतुणे, झांज आणि दोन खड्या आवाजाचे झीलकरी, म्हणजे मागून सूर धरणारे साथीदार, पुरेसे आहेत. पेटी मात्र टाळावी. ती आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात रुळली, आणि १७७९ चे वातावरण उभे करण्याचा आपला दावा असेल तर एवढी काळजी घ्यायलाच हवी. जानेवारीची थंडी असेल, तेव्हा कातडी डफ तापवायला शेकोटीची सोय जवळ ठेवावी. सैल पडलेल्या डफाने चांगल्या शाहिराचाही आवाज पडतो.

पोवाडा नवा लिहून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. अफझलखान वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा त्या घटनेच्या काळातला मानला जातो, आणि वडगावची लढाई झाली तेव्हा शाहीर अनंत फंदी पस्तिशीत होते. म्हणजे डोळ्यांसमोर घडलेले पोवाड्यात बांधण्याची आपली रीत जुनी आहे, आणि आपल्याच शिवारात घडलेले आज बांधणे हा तिचाच पुढचा भाग आहे. पोवाड्याच्या चौकांमधले, म्हणजे कडव्यांच्या मधले, गद्य निवेदन छोटे ठेवावे आणि तारखा व आकडे त्यातच सांगावेत, कारण गाण्यात कोंबलेला आकडा कोणाच्या लक्षात राहत नाही.

इंग्रजांना विदूषक करण्याची सूचना मला मुळीच पटत नाही. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ मारला गेलेला कॅप्टन स्टुअर्ट हा शत्रूचाच अधिकारी होता, तरी मराठी माणसांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवले आणि त्याचे थडगे आजही वडगावात आहे. ज्या मातीने वैऱ्याच्या शौर्याला एवढा सुंदर शब्द दिला, तिथल्या चौकात त्याची टिंगल व्हावी हे आपल्याला शोभणार नाही. शिवाय विदूषकांना हरवण्यात मर्दुमकी ती काय! पाहणीसाठी स्टुअर्ट झाडावर चढला असताना त्याला गोळी लागली, अशी कथा सांगतात. ती जरूर दाखवावी, पण शाहिराने ‘असे सांगतात’ हे शब्द उच्चारावेत. कागदपत्रांतले आणि लोकांच्या तोंडचे यांतला फरक प्रेक्षकांना कळतो आणि आवडतोही.

प्रश्न : याच महोत्सवात चौकातील प्रयोगासाठी परवानगी लागते का आणि एक प्रयोग किती वेळाचा असावा?
— त्याच परिसरातील एक शिक्षिका

उत्तर : रस्त्यावरील प्रयोग आणि ध्वनिक्षेपक या दोन्हींसाठी पोलीस ठाण्याकडे आधी लेखी अर्ज करावा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा वा न्यायालयाभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. त्याची चौकशी अर्ज देतानाच करावी. जुन्या कवींची रचना गायची असेल, तर कवीच्या निधनानंतर ६० वर्षे उलटली आहेत ना, हे पाहावे. प्रयोग वीस मिनिटांचा पुरे. चौकातला प्रेक्षक उभा असतो आणि मध्येच येतो, म्हणून मुख्य ओळ सर्व कलाकारांनी मिळून तीनचार वेळा म्हणावी. पाठीमागे भिंत असलेली जागा निवडल्यास आवाज परतून येतो आणि ध्वनिक्षेपकाशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. विद्यार्थिनींना केवळ समूहात उभे न करता एखादीच्या हाती डफ द्यावा.