बहिणीला सिस्टरांकडे ठेवू का?

«माझी धाकटी बहीण आठ वर्षांनी येरवड्यातून सुटते आहे. तिचा मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत तिच्याजवळ आतच होता, आता माझ्याकडे असतो. शाळेत ‘आई दुबईला आहे’ म्हणून सांगतो. जेलमध्ये येणाऱ्या कॅथलिक सिस्टर सुटलेल्या बायकांसाठी घर चालवतात, तिथे तिला घ्यायला तयार आहेत. माझ्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. निदान तोवर ती तिथे राहिली तर सगळ्यांचंच बरं. पण आई म्हणते, त्या तिला बाटवतील. काय करू?
– एक मोठी बहीण, सातारा»

ताई,

पत्रात लग्नाचा महिना आहे, सुटकेची तारीख नाही. बहिणीला स्वतःला काय हवंय, तेही नाही. आधी जेलमध्ये मुलाखतीला जा आणि तिला विचारा. आठ वर्षांनी थेट लग्नघरात येऊन पडायला तिलाच नको असेल. मग सिस्टरांचं घर चांगलंच. पण तो निर्णय तिचा हवा, तुमच्या व्याह्यांच्या सोयीचा नको.

आईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. सिस्टरांना सरळ विचारा: प्रार्थनेला बसावंच लागतं का? तिची कमाई कोणाच्या खात्यात जाते? मोबाईल तिच्याकडे राहतो का? किती महिने राहता येतं? मुलाला घेता का? उत्तरं पटली नाहीत तर सरकारी शक्ती सदनात, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या निवारागृहात चौकशी करा, किंवा टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’शी बोला. ते लोक १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचंच काम करतात.

सिस्टर मात्र या कामात फार जुन्या. १८६४ साली फ्रान्समध्ये, बोर्दोजवळच्या बायकांच्या तुरुंगात लातास्त नावाचे धर्मगुरू प्रवचनाला गेले आणि दोन वर्षांनी त्यांनी बेथनी नावाचा मठ काढला. शिक्षा भोगून आलेल्या आणि कधी कोर्टाची पायरीही न चढलेल्या बायका तिथे एकत्र राहत. कोण कुठून आली, हे बाहेर सांगायचं नाही, असा तिथला दंडक. (त्यातल्या काही पुढे स्वतःच नन झाल्या, हे आईंना आत्ताच सांगू नका. त्या मुळातच कॅथलिक होत्या.)

तुमच्या घराशी जास्त जुळतं ते न्यूयॉर्कचं उदाहरण. तिथे क्वीन्समध्ये १९८६ साली सिस्टर टेसा फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या काही सहकारी सिस्टर एका जुन्या कॉन्व्हेंटमध्ये तुरुंगातल्या आयांची मुलं सांभाळू लागल्या. सुटलेल्या आया मुलांना घेऊन जाणार कुठे? त्यांना भाड्याने घर कोण देणार? म्हणून मग आई आणि मुलं एकत्र राहतील अशी घरं उभी राहिली. जुन्या कपड्यांची दुकानं निघाली, त्यात बायकांना काम मिळालं. ‘अवर चिल्ड्रन’ (Hour Children) ही ती संस्था. सुरुवात झाली ती मुलांपासून.

तुमच्याकडेही तिथूनच करा. तुमचा भाचा येरवड्यातच चालायला शिकला असेल, त्याला ‘दुबई’ कशाला पाठ करायला लावता? ते आजच थांबवा. बहीण सिस्टरांकडे राहिली तर दर रविवारी त्याला घेऊन जा. नुसते पैसे पाठवून गप्प बसलात तर लोक ‘टाकलं’ म्हणतील, आणि मीही म्हणेन.

आता व्याही. साताऱ्यात ही गोष्ट मेपर्यंत दडून राहील असं तुम्हाला खरंच वाटतं? लेकीला विश्वासात घ्या आणि तिकडे तुम्ही स्वतः सांगा. सोयरीक मोडायचीच असेल तर अक्षतांच्या आधी मोडलेली बरी. पत्रिका बहिणीला हातात द्या. यायचं की नाही, ते ती ठरवेल.

सुटकेच्या दिवशी गेटवर तुम्ही हजर राहा, भाऊजींना धाडू नका. सुटकेचे कागद आणि आतल्या कामाची साठलेली मजुरी तिच्याच हातात राहू दे. आधारवरचा पत्ता आणि बँकेचं खातं सिस्टरांच्या मदतीने लवकर उरका. रेशनकार्डावरून तिचं नाव कमी केलं असेल तर ते परत चढवायचं काम तुमचं, ते तहसीलला होईल.