सतराचा पाढा आणि थंडीतला बास

चि. लेकी,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या बाबांचा फोन आला होता. शनिवारी पहाटे पारा 20 फॅरनहाइटवर उतरणार, म्हणजे आपल्या हिशेबाने उणे सात, हे वाचून त्यांचं धाबं दणाणलंय. "तुझं ऐकते ती, जरा समजाव," म्हणाले. समजावायचं मी कबूल केलं, पण काय समजावायचं ते माझं मी ठरवलं. हार्टवेल तलावावरच्या बास मासे गरवण्याच्या स्पर्धेला तू जाणारच आहेस. कॉलेजच्या टीममध्ये जागा मिळवायला दोन वर्षं खपलीस, ती काही थंडीच्या एका लाटेला घाबरून घरी बसायला नव्हे. तेव्हा जा. पण कसं जायचं ते या काकाकडून ऐकून जा.

आधी हिशेब समजून घे. उन्हाळ्यात हार्टवेलवर दिवसाला वीस-पंचवीस मासे लागतात, त्यातले दहा निसटले तरी कुणी रडत नाही. शनिवारी तसं नाही. दिवसभरात पाच-सहा मासे तोंड लावतील, नशीब जोरावर असेल तर आठ. आणि स्पर्धेत वजनाला न्यायचे आहेत पाच. म्हणजे एक निसटला तर बादलीला भोकच पडलं. आठ तासांत मिळून तुझी परीक्षा जेमतेम दोन मिनिटांची, आणि ती दोन मिनिटं कधी येतील ते आधी कळत नाही. बाकी सगळा खटाटोप त्या दोन मिनिटांत तुझी बोटं आणि डोकं जागेवर असावं यासाठी.

2015 च्या फेब्रुवारीत याच तलावावर बासमास्टर क्लासिक ही बास गरवण्याची मोठी स्पर्धा झाली, तेव्हा मी नावा सोडतात त्या ग्रीन पाँड लँडिंगच्या काठावर कुडकुडत उभा होतो. पहिल्या सकाळी थंडी अशी पडली की नावा उशिरा सोडाव्या लागल्या. जगातले नावाजलेले मासेमार, भारी किमतीच्या नावा, आणि सगळे खिशात हात घालून उभे. जिंकला कोण? इथलाच, साउथ कॅरोलायनाचा केसी ॲशली. तीन दिवसांत 50 पौंड 1 औंस. पंधरा माशांनी भाग, सरासरी सव्वातीन पौंडांच्या थोडी वर येते. म्हणजे राक्षसी मासे नव्हते, चांगले मासे होते, आणि रोजचे पाच भरले. आमिष होतं त्याच्या वडिलांनी घरी बनवलेलं: शिशाचं डोकं आणि त्याखाली गरगरणारं छोटं पातं. दुकानातल्या भारी डब्यांकडे बघून तुला न्यूनगंड येतो ना, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता हात. यावर मी जास्त बोलणार आहे, कंटाळू नकोस.

मागे एका जानेवारीत मी दोन तास हातमोजे न घालता मिरवलो. "मोज्यातून मासा कळत नाही" ही माझी मिजास. दहाच्या सुमाराला आमिष बदललं, बधिर बोटांनी गाठ मारली, ओढून बघितली, वाटलं बसली. वीस मिनिटांनी चार पौंडांच्या आसपासचा मासा लागला, नावेच्या कडेला आला, मी त्याचं पांढरं पोट बघितलं आणि दोरी एकदम हलकी झाली. गुंडाळून वर आणली तर टोक स्प्रिंगसारखं वळलेलं. दोरी तुटली असती तर टोक सरळ राहिलं असतं. वळलेलं टोक म्हणजे गाठ सरकली. माशाचा दोष नाही, दोरीचा नाही. त्या दिवशी मी तीन औंसांनी बक्षिसाबाहेर राहिलो. बायकोला अजून खरं कारण सांगितलेलं नाही.

म्हणून गाठी शुक्रवारी रात्री घरी, दिव्याखाली, गरम बोटांनी मारायच्या. सहा रॉड तयार ठेव आणि पाण्यावर शक्यतो गाठीला हातच लावू नकोस. लावावाच लागला तर पालोमार नावाची गाठ मार. ती जाड बोटांनाही जमते. आवळण्याआधी थुंकीने ओली कर. हातमोजे तीन जोड्या घे: नाव पळवताना जाड, मासे धरताना अर्ध्या बोटांचे लोकरीचे, आणि तिसरी जोडी कोरडी राहील अशी प्लॅस्टिकच्या पिशवीत. मासा सोडवला, हात भिजले, की आधी पंचा. हो, पंचाच घे, साधा सुती. टॉवेल एकदा भिजला की दिवसभर ओलाच राहतो. पण सुती फक्त हात पुसायला. अंगावर सुताचा धागा नको, घाम आला की ते गारठा धरून बसतं. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक, वर वारा अडवणारं.

वाऱ्याला हलक्यात घेऊ नकोस. उणे सात तापमानात ताशी 60 मैलांनी नाव पळवलीस तर उघड्या कातडीला ते उणे वीस वाटतं. पहिल्या जागेवर पोचेपर्यंत गाल आणि बोटं दोन्ही गेलेली असतात. हेल्मेट किंवा स्कीचा गॉगल घाल. टीममधली पोरं हसतील, हसू देत. शिवाय पहिली जागा दूरची ठेवू नकोस.

आता मासा. बासचं रक्त पाण्याइतकंच थंड. पाणी 45 ते 50 फॅरनहाइटच्या मध्ये आलं की त्याचं पचन मंदावतं, एकदा पोट भरलं की त्याला लगेच भूक नसते. तो आमिषामागे धावणार नाही, आमिष त्याच्या नाकासमोर बराच वेळ थांबलं तर फार तर तोंड उघडेल. हार्टवेलवर हिवाळ्यात सगळं हेरिंगच्या, म्हणजे बास खातात त्या छोट्या माशांच्या, थव्यांवर चालतं. हे थवे खाड्यांच्या आतल्या ओघळींमधून, म्हणजे तलाव भरण्याआधीच्या बुडालेल्या ओढ्यांमधून फिरतात. पहाटे बास तिथे बऱ्यापैकी उथळ येतात, ऊन चढलं की ओघळीनेच खोल सरकतात. मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर शोधत बसण्याआधी मान वर कर. लून पक्षी बुड्या मारताना दिसले तर खाली जेवण मांडलेलं आहे. दुपारी उत्तरेच्या वाऱ्याला पाठ असलेला, ऊन खाणारा खडकाळ काठ बघ. दोन डिग्रीचा फरकही त्यांना पुरतो. आणि लार्जमाउथ जातीचा बास रुसला असेल तर स्पॉटेड जातीच्या बासवर दिवस काढ, तो गारठ्यातही जरा उत्साही असतो. मापाने लहान, पण पाच भरायला त्याचा आधार. इलेक्ट्रॉनिक्सचं माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं, त्यावर मी गप्प बसतो.

जर्कबेट, म्हणजे झटके देऊन खेळवायचं माशाच्या आकाराचं आमिष, फेकलंस की दोन झटके दे आणि थांब. इथे सगळे हरतात. माणूस मनात वीस मोजायला लागतो आणि थंडीत त्याचे वीस सात सेकंदांत संपतात, कारण हात हलवून ऊब हवी असते. मी वेगळा उपाय काढलाय. मालवणच्या शाळेत आमच्याकडून पाढे घोकून घेतले, त्यातला सतराचा मला कधीच भराभर म्हणता आला नाही. तोच म्हणतो. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न... पंच्याऐंशीच्या पुढे मी हमखास अडखळतो, आठवावं लागतं, आणि नेमका तिथेच मासा येतो. थट्टा नाही, माझे निम्मे हिवाळी मासे शंभरी ओलांडताना लागलेत. तुला सतराचा येत नसेल, तर आजीला फोन कर. तिला आनंद होईल आणि तुझं काम होईल.

आणि तो "लागला" म्हणजे काय, तेही ओळखायला शीक. उन्हाळ्यासारखा दणका बसत नाही. दोरी जराशी जड होते, एखादं भिजलेलं पान अडकावं तशी. कधी जड होण्याऐवजी हलकी होते, म्हणजे मासा आमिष घेऊन तुझ्याकडे येतोय. शंका आली की ओढ; उचकवू नकोस, रॉड आडवा फिरवत दाब दे. दहातलं एखादं पान खरंच पान निघेल, निघू दे. रॉडच्या कड्यांवर बर्फ जमेल तेव्हा चाकूने खरवडू नकोस, कडी चरली की दोरी कापते. रॉड पाण्यात बुडव, पाणी हवेपेक्षा गरम असतं, बर्फ सुटतो. कड्यांना लिप बाम चोळून ठेवलास तर थोडा वेळ बर्फ धरत नाही. धाग्यांची विणलेली दोरी पाणी धरून काठीसारखी गोठते, तेव्हा शनिवारी फ्लुरोकार्बनची एकपदरी दोरी.

रॅम्पवर, म्हणजे नाव पाण्यात उतरवायच्या सिमेंटच्या उतारावर, गडबड करू नकोस. प्रत्येक ट्रेलर पाणी ठिबकवत वर येतो आणि ते लगेच गोठतं, सातव्या-आठव्या गाडीपर्यंत काच तयार. नावेचा पुढचा पट्टा ती पाण्याला लागेपर्यंत सोडायचा नाही. उतारावर पट्टा सोडलेली नाव थेट सिमेंटवर घसरताना मी बघितली आहे. संध्याकाळी नाव वर काढलीस की इंजिन खाली उभं सोड, आतलं पाणी निथळू दे, नाहीतर रात्री गोठून ते काय फोडेल सांगता येत नाही.

आता जे हसण्यावारी न्यायचं नाही ते. लाइफ जॅकेट कोटाच्या वर, दिवसभर, नाव थांबलेली असतानाही. किल स्विचची, म्हणजे तू पडलीस तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी अंगाला लावलेली. 2021 पासून तो कायदाच आहे, पण कायद्यासाठी नको, स्वतःसाठी लाव. या पाण्यात पडलं तर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला जातं, त्यानंतर हातपाय कामाचे असतात जेमतेम दहा मिनिटं, आणि शुद्ध जायला साधारण तास लागतो. म्हणजे बुडणारा माणूस बहुतेक गारठून नव्हे, त्या पहिल्या मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन बुडतो. पडलीस तर पोहू नकोस, जॅकेटवर तरंग, श्वास शांत होऊ दे, मग शिडी. ती शिडी पाण्यातून हाताला येते का, हे शुक्रवारी करून बघ. कोरड्या कपड्यांचा एक जोड बंद पिशवीत नावेत असू दे. जोडीदाराकडे लक्ष ठेव: बोलताना जीभ जड झाली, हातातून सारख्या वस्तू पडायला लागल्या, "मला काही थंडी वाजत नाही" म्हणाला, की स्पर्धा तिथेच सोडून किनारा गाठायचा. बक्षीस किती आहे ते त्या वेळी आठवायचं नाही.

खाणंपिणं: तुझ्या आईने संक्रांतीचे तिळाचे लाडू पाठवलेत, ते खोलीत संपवू नकोस, नावेत ने. दर तासाला एक. आल्याचा चहा थर्मासमध्ये. पाणीही पी, एवढ्या थरांच्या कपड्यांत लघवीची पंचाईत होते म्हणून मुली पाणीच टाळतात असं ऐकतो. याबाबत माझा सल्ला कुचकामी, टीममधल्या सीनियर मुलीला विचार, पण पाणी टाळू नकोस.

पकडलेल्या माशाचीही कदर कर. हात ओले करून धर, बर्फाळ कार्पेटवर ठेवू नकोस, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर तिथेच चिकटतो. फोटोसाठी हवेत धरून बसू नकोस, कल्ले गोठतात. तीसेक फुटांवरून वर आलेल्याचं पोट फुगतं आणि तो उलटा होतो. सुईने हवा काढायची ते तुमच्या कोचकडून हात धरून शिकून घे, वाचून नको. मेलेल्या माशामागे वजन कापतात हा भाग वेगळाच. माझी आई अजून विचारते, खायचा नाही तर गरवायचा कशाला? मला तिला समाधानकारक उत्तर कधी देता आलं नाही, पण परत सोडताना तो शेपटी मारून खाली गेला की बरं वाटतं, एवढं खरं.

परतीला पंधरा मिनिटं हाताशी ठेवून निघ. थंडीत इंजिन रुसतं, आणि उशिराच्या प्रत्येक मिनिटाला बहुतेक ठिकाणी माशांच्या वजनातून एक पौंड जातो.

बाबांना मी सांगितलंय की सगळं ठीक होईल आणि त्यांनी आजीला तापमान फॅरनहाइटमध्येच सांगावं. वीस ऐकून ती म्हणेल, अगंबाई, मुंबईपेक्षा थोडंच गार की! मी पाच वाजता रॅम्पवर असेन. गाडीत मांजराच्या शी-शूसाठी वापरतात त्या मातीच्या दोन पिशव्या टाकल्या आहेत, टायरखाली लागतील. तू फक्त पंचा विसरू नकोस.

तुझा,
काका