वाचकांचे प्रश्न : अडकलेली प्रोसेस सक्तीने बंद करताना

प्रश्न : आमची छोटी कंपनी हॉटेलांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार करते. ग्राहकाच्या संगणकावर आमचा प्रोग्राम हँग झाला, की सपोर्टचा माणूस विंडोजच्या डिबगिंग टूल्समधील 'किल' या साधनाने तो बंद करतो. या साधनाचे मॅन्युअल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आज्ञाच एका ओळीची, तर त्यात लिहावे तरी काय?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : आज्ञा एका ओळीची आहे, हे खरेच. 'किल' लिहून पुढे प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचा, क्रमांक किंवा नाव द्यायचे, आणि वापरकर्त्याला न विचारता बंद करायचे असेल तर मध्ये '/एफ' घालायचे. हे साधन त्याच संगणकावरील प्रोसेसवर चालते आणि प्रोसेसबरोबर तिचे सर्व थ्रेडही (तिच्या आत चालणारे कामाचे धागे) संपतात, एवढे जोडले की वापराची माहिती पुरी होते. मॅन्युअलची उरलेली पाने नुकसानाला द्यावीत, असे माझे मत आहे.

सक्तीने संपवलेल्या प्रोसेसला आवराआवर करायला क्षणभरही मिळत नाही. तिची मेमरी आणि उघडलेल्या फायली विंडोज सोडवून घेते. मात्र प्रोग्रामच्या स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, फाईलमध्ये लिहायचे राहिलेले सारे गेलेच म्हणून समजावे. आपल्याच व्यवसायातले उदाहरण घ्या. कळंगुटच्या एखाद्या हॉटेलात नाइट ऑडिट, म्हणजे प्रत्येक खोलीचे त्या रात्रीचे भाडे बिलात चढवण्याचे काम, चालू आहे, शंभरांपैकी साठ खोल्यांचे भाडे चढवून प्रोग्राम अडकला आणि रिसेप्शनवरच्या मुलाने तो मारला. हे सारे काम डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एक तर सगळ्या नोंदी पक्क्या, नाही तर एकही नाही, अशा गठ्ठ्यात) बांधलेले असेल, तर कनेक्शन तुटल्यावर डेटाबेस सर्व्हर त्या साठही नोंदी मागे घेतो आणि ऑडिट निर्धास्तपणे पुन्हा चालवता येते. उलट प्रत्येक खोलीची नोंद स्वतंत्रपणे पक्की होत असेल आणि पुन्हा चालवताना प्रोग्राम आधीच्या नोंदी तपासत नसेल, तर साठ पाहुण्यांच्या बिलात एकाच रात्रीचे भाडे दोनदा लागते, आणि ते उघडकीस येते सकाळी, चेकआउटच्या गर्दीत. आपला प्रोग्राम यांपैकी कसा वागतो, हे मायक्रोसॉफ्ट आपल्याला सांगणार नाही. ते आपल्या प्रोग्रामरला विचारून पहिल्याच पानावर लिहावे.

नावाबाबत इशारा हवा. 'किल'ला तारांकित नमुना देता येतो आणि तो खिडकीच्या शीर्षकाशीही जुळवला जातो. त्यामुळे 'बिल*' लिहिणाऱ्याच्या तडाख्यात 'बिल मार्च' नावाची फाईल उघडून बसलेले एक्सेलही सापडू शकते. म्हणून आधी त्याच टूल्समधील 'टीलिस्ट' या साधनाने चालू प्रोसेसची यादी पाहावी आणि क्रमांकानेच बंद करावे. तो क्रमांकही प्रत्येक वेळी नव्याने पाहावा, कारण संपलेल्या प्रोसेसचा क्रमांक विंडोज दुसऱ्या प्रोसेसला देऊ शकते. कालच्या चिठ्ठीवरचा क्रमांक आज भलत्याचाच असायचा.

प्रोसेस मारली की ती का अडकली याचा पुरावाही जातो, आणि सपोर्टच्या घाईत नेमके हेच विसरले जाते. तेव्हा आधी डिबगर (चालू प्रोग्राम आतून तपासण्याचे साधन) जोडून '.डम्प /एमए' या आज्ञेने पूर्ण डम्प, म्हणजे प्रोसेसच्या मेमरीची फाईलमधली नक्कल, घ्यावा. डम्पमध्ये पाहुण्यांची माहितीही येते. तो व्हॉट्सॲपवरून पाठवू नये, हेही लिहून टाका. डम्प घेतल्यावर 'क्यू' दिले तर डिबगर बंद होताना सहसा प्रोसेसही संपते. 'क्यूडी' दिले तर डिबगर अलग होतो आणि प्रोसेस चालू राहते. ही अलग होण्याची सोय २००१ साली आलेल्या विंडोज एक्स्पीपासून आहे. प्रोसेस मुद्दाम संपवायची असेल, तर डिबगरमध्येच '.किल' ही आज्ञा आहे आणि मग वेगळ्या साधनाची गरज उरत नाही.

प्रश्न : सक्तीने बंद करूनही प्रोसेस यादीत तशीच दिसते. असे का व्हावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : प्रोसेसने सुरू केलेले वाचन-लेखन पुरे किंवा रद्द झाल्याखेरीज विंडोज तिला पूर्णपणे काढू शकत नाही. एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्राम), उदाहरणार्थ बिलाच्या प्रिंटरचा, उत्तर न देता अडकून राहिला, तर प्रोसेसही लटकते आणि तीच आज्ञा पुनःपुन्हा देऊन काही साधत नाही. आधी त्या उपकरणाची केबल काढून पाहावी. तरीही प्रोसेस हलली नाही, तर संगणक रीस्टार्ट करावा.